साखरेच्या आधीची वर्षं

कमरेचा घेर मोजायचा तर टेप बेंबीवरून फिरवून भागत नाही. सगळ्यांत खालची बरगडी बोटांनी चाचपायची, मग कमरेच्या हाडाची वरची कड शोधायची, दोन्हींच्या मधोमध टेप आडवी धरायची आणि समोरच्यानं सहज श्वास सोडला की आकडा वाचायचा. सांगायला एवढंच. पण आमच्या शिबिरांत सगळ्यांत जास्त वेळ खातं ते हेच काम. लुगड्याचा काष्टा असतो, निऱ्यांचा जाड खोचा असतो, आणि परकराची नाडी इतकी घट्ट आवळलेली असते की तिचा करकोचा कातडीवर कायमचा उमटलेला दिसतो. ती सैल केल्याशिवाय खरा आकडा मिळत नाही आणि सैल करायची तर आडोसा हवा. म्हणून शाळेचा वर्ग मिळाला की गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, आशाताई, आधी कोपऱ्यात दोरी बांधून चादर टाकतात, टेबल-खुर्चीचं नंतर बघतात. पुरुषांचं निराळं. टेप दिसली की छाती पुढं आणि पोट आत. त्यांना मी पावसाचं, पिकाचं विचारते. बोलायला लागले की पोट जागेवर येतं.

मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करते. दवाखान्यात माझ्यासमोर येतात ते बहुतेक मधुमेह होऊन गेल्यावर, बरेचदा पायाची जखम चिघळल्यावर किंवा नजर अधू झाल्यावर. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची मधुमेह-रक्तदाबासाठी तपासणी व्हावी असा सरकारी कार्यक्रम आहे. त्याच्या शिबिरांत मी आठवड्यातला एक दिवस हातभार लावते. तिथे भेटणारी माणसं अजून आजारी नसलेली असतात, पंचेचाळीस, पन्नास, साठीची. त्यांच्यातल्या कुणाची साखर येत्या पाच-दहा वर्षांत चढणार हे आज ओळखता येईल का, हा प्रश्न बरीच वर्षं माझ्या डोक्यात आहे. बऱ्यापैकी ओळखता येतं, आणि महागड्या तपासण्यांशिवाय येतं, अशी आता माझी खात्री झाली आहे. मात्र ओळखल्यावर तो आकडा त्या माणसाच्या वयात आणि घरात नेऊन वाचावा लागतो. तसा वाचला नाही तर तो वाया जातो, कधी कधी अपायही करतो.

टेपवर माझा एवढा भर का, तर आपल्याकडे वजनकाटा फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण मांडलं. उंचीच्या मानानं वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी एकसारखा : २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. याची मुळं फार मागं जातात. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, हातपाय बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून. हीच बाळं मोठी होऊन पन्नाशीत काट्यावर उभी राहिली की काटा त्यांना सडपातळ म्हणतो.

चरबी असणं हा दोष नाही, ती कुठे साठते यावर सगळं ठरतं. मांड्या, दंड, कातडीखालची जागा ही तिची सुरक्षित कणगी. आपली कणगी लहान असते आणि लवकर भरते, मग उरलेलं धान्य माजघरात सांडायला लागतं. शरीरात हे माजघर म्हणजे यकृत आणि स्वादुपिंड. चरबी साठलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, रात्रभर साखर तयार करून रक्तात सोडत राहतं, आणि जास्तीची चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपानं बाहेर पाठवतं. स्वादुपिंड काही वर्षं जादा इन्सुलिन ओतून हे सावरतं. साखर तोवर ठीक दिसते. ही सावरून धरण्याची वर्षंच आपल्या हातातली असतात. म्हणून भारतीय पुरुषासाठी धोक्याची रेघ ९० सेंटिमीटरवर आणि बाईसाठी ८० वर धरली आहे, तर युरोपातल्या पुरुषासाठी ती ९४ वर आहे.

एका गावात पंचावन्नचे एक अण्णा आले. गालफडं बसलेली, पिंढऱ्या काटकुळ्या, वजन ५८ किलो. रांगेतली माणसं म्हणाली, "बाई, ह्यांना कशाला मोजताय, ह्यांच्यात हाय काय?" घेर भरला ९४. सदऱ्याच्या आत टणक, गोल पोट होतं, कुणाच्या लक्षात न येणारं. मग मी त्यांना घरचं विचारलं. "घरात कुणाला साखर?" तर "न्हाई, आमच्यात कुणाला न्हाई." हे उत्तर मी कधीच तसंच लिहून घेत नाही. मागच्या पिढीची तपासणी झालेलीच नसते, मग नाव तरी कुठलं असणार! मी विचारलं, "वडील कशानं गेले?" अण्णा म्हणाले, "पायात काटा मोडला होता. जखम भरलीच न्हाई. मिरजेला नेलं, आधी बोटं काढली, मग पाय काढला. वरीसभर काढलं त्यांनी." मी आशाताईंकडे पाहिलं, त्यांनी रकान्यात 'होय' लिहिलं होतं. असं पुष्कळदा होतं. आई म्हातारपणी रात्री सारखी उठायची, उशाला पाण्याचा तांब्या लागायचा. चुलत्याचं मूत्रपिंड गेलं. आत्याला शेवटी दिसेनासं झालं. फॉर्मवर मावणारा प्रश्न एका ओळीचा असतो, पण त्याचं खरं उत्तर मिळायला घरच्या मरणांच्या गोष्टी ऐकाव्या लागतात. त्यासाठी रांग थांबली तरी मी थांबवते.

कष्टांचा प्रश्नही असाच. "आमी शेतकरी माणसं, दिवसभर राबतो." खरं आहे, राबलेत ते आयुष्यभर. पण आमचा भाग उसाचा. नांगरट ट्रॅक्टरनं होते, तोडणीला बीडकडून टोळ्या येतात, पाणी मोटारीचं बटण दाबून सुटतं आणि रानात जायला मोटरसायकल आहे. पन्नाशीनंतर मुलगा हाताशी आला की बापाचं काम देखरेखीचं होतं. बायकांचं काम तेवढं कमी होत नाही, पण सून आली आणि गुडघे धरले की त्यांचंही चालणं घरापुरतं उरतं. म्हणून मी "काम काय करता" असं विचारत नाही. "काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत" असं विचारते. त्या उत्तरात श्रम किती आणि बसणं किती, ते आपोआप दिसतं.

वय, घेर, आईवडिलांचा मधुमेह आणि शरीराची हालचाल या चार गोष्टींवर चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटानं २००५ मध्ये शंभर गुणांची एक पद्धत बसवली. रक्ताचा थेंबही लागत नाही. साठ किंवा जास्त म्हणजे धोका मोठा. अण्णांचे पन्नाशीपुढच्या वयाचे ३०, घेराचे १०, वडिलांचे १०, बेताच्या हालचालीचे २०, असे ७० झाले. त्या मूळ अभ्यासात साठच्या पुढच्या दर शंभर माणसांत साधारण सतरा जणांना नकळत मधुमेह निघाला, आणि साठच्या खालच्या शंभरातल्या पंचाण्णव जणांना तो नव्हता. म्हणजे कमी गुणांचा दिलासा पुष्कळ भरवशाचा आहे. जास्त गुणांनी मात्र फक्त "इकडे लक्ष द्या" असं सांगितलं जातं.

हे समजावणं या कामातलं सगळ्यांत अवघड. अण्णांचं बोट टोचून साखर पाहिली तर ती १२६, जेवणानंतर दोनेक तासांची. शिबिरात १४० च्या पुढे गेलं तरच पुढं पाठवायचं असतं. अण्णा उठून टोपी घालायला लागले, "म्हंजे काय न्हाई ना? सुटलो." त्यांच्या मागं उभ्या असलेल्या बाईंचे गुण तेवढेच होते आणि त्या रडकुंडीला आल्या होत्या, "म्हंजे मला झालाच म्हणायचा." दोघांनाही मी एकच सांगितलं : आज नाही, पण वाट तिकडची आहे, आणि वाट बदलता येते. तेवढ्यानं भागणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून दोघांनाही अनशापोटी रक्त द्यायला आणि साखरेचं पाणी पिऊन दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायला बोलावलं. "अनशापोटी म्हणजे चहासुद्धा नाही" हे तीनदा सांगावं लागतं, कारण आमच्याकडे चहा खाण्यापिण्यात धरत नाहीत.

त्या चार प्रश्नांत दोन गोष्टींची मी स्वतःहून भर घालते. मान बघते. मानेच्या मागं, काखेत मखमलीसारखा काळा, जाड पट्टा असेल तर रक्तात इन्सुलिन जास्त असल्याची ती खूण असते. माणसं तो मळ समजून वजरीनं घासतात, आणि बायकांना त्यावरून घरात बोलणीही खावी लागतात. दुसरं, बायकांना बाळंतपणांचं विचारते. गरोदरपणात साखर वाढली होती का, एखादं बाळ चार किलोचं झालं होतं का. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला पुढं कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या निदान सातपट असतो. बाळंत झाल्यावर साखर उतरते आणि घरातले सगळे ते विसरून जातात. वीस वर्षांनी ती पंचेचाळीसची होऊन रांगेत उभी असते. तिला ते आठवतं, पण कुणी विचारलेलंच नसतं.

रक्ताच्या तपासणीबद्दल थोडं विस्तारानं लिहावंसं वाटतं, कारण तिथे हातात असलेली माहिती सर्रास वाया जाते. दूध संघात नोकरी करणारे एक गृहस्थ प्लॅस्टिकच्या पिशवीत आपले जुने रिपोर्ट घेऊन आले होते. नोकरीमुळे दरवर्षी तपासणी व्हायची. साखर मधुमेहाच्या पातळीवर गेली तेव्हा ते हबकले, "मॅडम, आत्तापर्यंत सगळं नॉर्मल होतं हो." मी सगळे कागद टेबलावर ओळीनं लावले. पहिल्या कागदावर अनशापोटीची साखर ९१, ट्रायग्लिसराइड १२८, चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, ४४. पाच वर्षांनंतरच्या, मधुमेह निघण्याआधीच्या कागदावर साखर १०४, ट्रायग्लिसराइड २१४, एचडीएल ३६. मधल्या प्रत्येक कागदावर एकेक पायरी. साखर प्रयोगशाळेनं छापलेल्या मर्यादेत होती म्हणून ती ठळक अक्षरांत कधी आली नाही. ट्रायग्लिसराइड आलं, पण ते 'हृदयाचं' समजून तेलकट बंद करा एवढा सल्ला मिळाला. खरं तर चढतं ट्रायग्लिसराइड, घसरतं एचडीएल, वाढता घेर, १३०/८५ च्या पुढचा रक्तदाब आणि शंभरावर गेलेली अनशापोटीची साखर ही सगळी एकाच बिघाडाची तोंडं आहेत. गेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्येच यांतले बहुतेक धागे एकत्र बांधून दाखवले होते. पाचांतली तीन दिसली की आम्ही त्याला चयापचयाचा विकार म्हणतो, आणि त्या माणसाला मधुमेहाच्या वाटेवरचा धरतो.

अलीकडे ट्रायग्लिसराइड आणि साखर यांचा एकत्र निर्देशांकही वापरतात. २००८ मध्ये मेक्सिकोतल्या संशोधकांनी तो मांडला, आणि चीनमध्ये पंचेचाळिशीपुढच्या माणसांच्या मोठ्या पाहणीत त्यावर बरंच काम झालं. दोन्हींचा गुणाकार करायचा, तो निम्मा करायचा आणि त्याचा नैसर्गिक लॉगॅरिथम काढायचा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. दूध संघाच्या गृहस्थांचा पहिल्या वर्षी ८.६७ येतो आणि शेवटी ९.३२. सगळ्यांना लागू पडेल अशी एकच रेघ यात ठरलेली नाही, म्हणून कुणाला एका आकड्यावरून मी काही सांगत नाही. पण त्याच माणसाचा आकडा दरवर्षी चढत असेल तर ते मी फार गांभीर्यानं घेते. त्या पिशवीत पाच वर्षं पडून असलेलं भाकीत कुणी ओळीनं लावून वाचलंच नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी सोयीची, कारण तिला उपाशी राहावं लागत नाही. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. पण आमच्या बायकांत रक्तक्षय एवढा असतो की मी आधी हिमोग्लोबिन बघते. लोहाच्या कमतरतेनं हा आकडा खोटाच वर सरकतो. नंदुरबार-गडचिरोलीकडे काम करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना उलटी काळजी असते. तिकडच्या सिकलसेल या रक्तविकारात तांबड्या पेशी लवकर मरतात, आकडा खोटाच कमी येतो आणि मधुमेह लपून राहतो.

आता वयाचं, जे मला सगळ्यांत कळकळीनं सांगायचं आहे. एका घरातून मुलगा त्याच्या आईला घेऊन आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी. कुठल्याशा तपासणीत एचबीएवनसी ६.१ निघालं होतं, कागदावर लाल अक्षरांत. घर हादरलं. सुनेनं मनापासून काळजी घ्यायची म्हणून भात बंद केला, गूळ बंद, केळं बंद, सकाळचा दूध-भाकरीचा काला बंद. काही महिन्यांत आजींचं वजन सहा किलोंनी उतरलं, मांड्या मऊ पडल्या, आणि मोरीत जाताना त्या दोनदा पडल्या. माझ्यासमोर बसून त्या हळूच म्हणाल्या, "बाई, मला भूक लागते." सून शेजारी डोळे पुसत होती. तिनं कागदावरच्या लाल अक्षरांवर विश्वास ठेवला होता. तिला दोष कसा देणार?

६.१ हा आकडा पंचेचाळिशीत आणि अठ्ठ्याहत्तरीत एकच गोष्ट सांगत नाही. अमेरिकेत ७५ च्या आसपासच्या साडेतीन हजारांच्या जवळपास माणसांवर केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एचबीएवनसीनुसार उंबरठ्यावर असलेल्यांतले साडेसहा वर्षांत फक्त ९ टक्के मधुमेहाकडे गेले. १३ टक्के परत नॉर्मलला आले, आणि १९ टक्के माणसं वारली. म्हणजे या वयात उंबरठ्यावरची साखर पुढं सरकण्यापेक्षा माणूस दुसऱ्याच कशानं जाण्याची शक्यता दुप्पट. या वयात शरीराचा खरा आधार म्हणजे स्नायू. ते उपाशी ठेवून झिजवले तर माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं आणि अंथरूण धरतो. आजींचं मी सगळं जेवण परत सुरू केलं, वर डाळ आणि एक अंडं वाढवलं, खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम दाखवला आणि वर्षातून एकदा साखर पाहू म्हटलं. सुनेनं विचारलं, "आणि गूळ?" म्हटलं, "खडाभर देत जा." आजींचं वजन अजून पूर्ण भरलेलं नाही, पण त्या पडलेल्या नाहीत.

त्याच आजींचा सत्तेचाळीस वर्षांचा मुलगा शेजारी उभा होता, आणि आईच्या आकड्यानं घाबरलेल्या त्या माणसाचं पोट पट्ट्याच्या वर आलेलं होतं. त्याला मी तिथेच टेप लावली. त्याच्यापुढे तीस-चाळीस वर्षं होती, आणि डोळे, मूत्रपिंड, पायांच्या शिरा यांना साखरेनं पोखरायला तेवढा वेळ पुष्कळ. लाल अक्षरं छापायचीच तर त्याच्या कागदावर छापायला हवीत.

त्याच्या वयात काही करता येतं, हा माझ्या मनाचा कौल नाही, तसे पुरावे आहेत. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ मधल्या भारतीय अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांत आहार आणि चालण्यानं मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि मेटफॉर्मिन या गोळीनंही जवळपास तेवढाच. हे लोक अमेरिकेतल्या अशाच एका अभ्यासातल्या लोकांइतके स्थूल नव्हते, त्यांचं वजन फारसं उतरलंही नाही, तरी फायदा झाला. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात तीस वर्षं मागोवा घेतला, तेव्हा राहणी बदललेल्यांचा मधुमेह सरासरी जवळपास चार वर्षांनी लांबलेला दिसला, हृदयविकारही कमी झाले. चार वर्षं ऐकायला थोडी वाटतात. पण मिरजेला पाय काढलेल्या बापाचा मुलगा जेव्हा समोर असतो तेव्हा मला ती फार मोठी वाटतात.

अण्णा अनशापोटी रक्त द्यायला आले ते आशाताई त्यांच्या घरी दोनदा जाऊन आल्या म्हणून. साखर १०८, आणि दोन तासांनंतरची १५८. म्हणजे आत कुठेतरी सुरुवात झालेली होती, आणि बोटातल्या थेंबात ती दिसली नव्हती. त्यांना औषध दिलं नाही. मोटरसायकल बांधावर न नेता ओढ्याच्या पुलापाशी लावायची आणि तिथून रानात पायी जायचं, जाताना वीस मिनिटं आणि येताना वीस मिनिटं. सहा कप चहाचे दोन करायचे. रात्रीच्या भाताचा ढीग अर्धा करून त्याजागी मटकी-मुगाची उसळ. त्यांच्या मालकिणीलाही सोबत बसवून हे ठरवलं, कारण ताट त्या वाढणार. केसपेपरवर घेर लिहिला, त्यापुढे पुढच्या तपासणीचा महिना लिहिला, आणि तोच महिना आशाताईंच्या वहीत.

तालुक्यातल्या प्रयोगशाळा चालवणाऱ्यांकडे सध्या माझा एकच तगादा आहे. रिपोर्ट देताना त्याच माणसाचे मागच्या दोन-तीन वर्षांचे आकडे आजच्या आकड्याशेजारी छापा. ते तुमच्या संगणकात आधीच आहेत, वेगळा खर्च नाही, आणि पिशवीतले कागद ओळीनं लावायला प्रत्येकाला डॉक्टर भेटतोच असं नाही. एकानं लगेच सुरू केलं. त्यांच्या कागदावर आता तीन रकाने असतात, आणि माणसं स्वतःच बोट ठेवून विचारतात, "हे दरसाल का वाढतंय?" दुसरे म्हणाले, सॉफ्टवेअरवाल्याला विचारून बघतो. त्यांच्याकडे मी पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे, रकाने आखलेला नमुन्याचा कागद घेऊन.